कोल्हापूरच्या दसऱ्याची शान असलेल्या मेबॅकमागचा माणूस, ज्यानं रेडिएटर घडवला. जुन्या गाडीत कूलंट टाकायच्या आधी त्याची गोष्ट वाचाच

कोल्हापूरचा शाही दसरा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अंबाबाईची पालखी, दसरा चौकातली गर्दी, सोनं लुटायची गडबड आणि त्या गर्दीतून संथपणे येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी आली की चौकातले सगळे मोबाईल एकदम वर जातात. रील पडते, स्टेटस पडतो, नाद खुळा म्हणून कमेंटही पडतात.

पण मेबॅक हे कुणाचं नाव आहे, हे त्या गर्दीतल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं.

हे एका माणसाचं आडनाव आहे. विल्हेल्म मेबॅक. वयाच्या दहाव्या वर्षी आई-बाप गेलेला, अनाथाश्रमात वाढलेला सुताराचा पोरगा. तुमच्या दारातली जुनी जीप, काकांची अँबेसिडर, मामांची पद्मिनी या सगळ्यांच्या नाकासमोर जो रेडिएटर बसवलाय, त्याची मूळ कल्पना याच माणसानं आकाराला आणली. जुन्या गाडीत कुठलं कूलंट टाकावं, हिरवं की गुलाबी, की नुसतं नळाचं पाणी, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर त्याचं उत्तर शोधायलाही याच माणसाच्या कामापासून सुरुवात करावी लागते.

तर गोष्ट सुरू होते जर्मनीत.

दहाव्या वर्षी पोरका

९ फेब्रुवारी १८४६. जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका सुताराच्या घरी विल्हेल्मचा जन्म झाला. पाच भावांपैकी हा एक. पुढं कुटुंब श्टुटगार्टला आलं. पण १८५४ मध्ये आई गेली आणि १८५६ मध्ये वडीलही गेले. पोरांचं काय करायचं म्हणून नातेवाइकांनी वर्तमानपत्रात मदतीचं आवाहन दिलं. ते वाचून रॉइटलिंगन गावातल्या एका संस्थेनं विल्हेल्मला ठेवून घेतलं. तिचं नाव ब्रुडरहाउस. गुस्टाव्ह वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकानं ती सुरू केली होती. अनाथ आणि गरीब पोरांना तिथं जेवण, शिक्षण आणि हाताला काम मिळायचं.

तिथं पोराची चित्रकलेची आवड कुणाच्या तरी लक्षात आली. पंधराव्या वर्षी त्याला संस्थेच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायच्या कामाला लावलं. दिवसभर काम आणि संध्याकाळी गणित, भौतिकशास्त्राचे वर्ग असा त्याचा दिनक्रम होता.

१८६० च्या दशकात त्या कारखान्याची जबाबदारी घ्यायला एक इंजिनिअर आला. त्याचं नाव गोटलिब डाइमलर. विल्हेल्मपेक्षा तो बारा वर्षांनी मोठा. या पोरात काहीतरी आहे, हे त्यानं ओळखलं आणि दोघांची जी जोडी जमली ती डाइमलर मरेपर्यंत टिकली. डाइमलर नोकरी बदलून कार्ल्सरुहला गेला, तर विल्हेल्म १८६९ मध्ये त्याच्यामागं तिकडं गेला. १८७२ मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्झ कारखान्यात गेला, तर विल्हेल्मही तिथं गेला.

डॉइट्झ हे नाव महत्त्वाचं आहे. निकोलाउस ऑटोचं फोर स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये तिथंच तयार झालं. आज तुमच्या गाडीत जे इंजिन चालतं, त्याचं मूळ ते. हे इंजिन कारखान्यात एकसारखं, शेकड्यांनी बनवता येईल असं करायचं काम डिझाइन विभागाचा प्रमुख म्हणून विल्हेल्म मेबॅकनं केलं.

काचघरातला कारखाना आणि पोलिसांची धाड

डॉइट्झमध्ये डाइमलरचं मालकांशी बिनसलं. १८८२ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट गावात घर घेतलं. घराच्या बागेत झाडांसाठी एक काचघर होतं, त्याचाच वर्कशॉप केला. मेबॅक अर्थातच सोबत होता.

दोघं दिवसरात्र दार लावून ठोकाठोक करायचे. बागेच्या माळ्याला संशय आला की हे लोक खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलिसांना सांगितलं, धाड पडली आणि पोलिसांना आत सापडली फक्त इंजिनं.

या काचघरातून एक हलकं, उभं, वेगानं फिरणारं पेट्रोल इंजिन बाहेर पडलं. १८८५ मध्ये ते एका लाकडी दुचाकीवर बसवलं गेलं. जगातली पहिली मोटारसायकल म्हणून आज तिचाच उल्लेख होतो.

इथून पुढं मेबॅकसमोर जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्या विषयाचा गाभा आहे.

इंजिन पळतं, पण तापतं

पेट्रोल इंजिनचं गणित सरळ आहे. आत इंधन जळतं. त्या उष्णतेतल्या थोड्याच भागातून चाक फिरतं. बाकीची उष्णता एक्झॉस्टमधून आणि इंजिनच्या धातूतून बाहेर काढावी लागते. ती निघाली नाही तर तेल पातळ होतं, पिस्टन जाम होतो आणि हेड वाकतं.

छोट्या इंजिनाला वारा पुरतो. आपल्या जुन्या बुलेटला रेडिएटर नसतो तो याचमुळं. पण इंजिन मोठं झालं की पाणी लागतं. सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांत पाणी इंजिनाभोवती उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. म्हणजे गाडी पेट्रोलवर चालायची आणि पाण्यावरही. दर काही मैलांवर थांबा, विहीर शोधा, पाणी भरा.

मेबॅकनं यावर एकामागून एक उपाय करून पाहिले. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची तारेच्या चाकांची गाडी होती. तिची फ्रेम पोकळ पाइपांची होती आणि इंजिनचं गरम पाणी त्याच पाइपांतून फिरून गार व्हायचं. म्हणजे गाडीचा सांगाडाच तिचा रेडिएटर. पुढच्या काही गाड्यांत फिरणाऱ्या फ्लायव्हीलच्या कडेत पाणी खेळवून ते गार करायची युक्ती त्यानं केली. दोन्ही उपाय चालले, पण इंजिनची ताकद वाढली की ते अपुरे पडायचे.

हॉटेलातली वर्षं

मधल्या काळात धंद्यात वाद झाले. १८९० मध्ये डाइमलरच्या नावानं कंपनी निघाली, पण पैसा घालणाऱ्या भागीदारांनी मेबॅकला जो करार पुढं केला तो त्याला मान्य झाला नाही. १८९१ मध्ये तो बाहेर पडला. आधी स्वतःच्या घरी आणि मग कानश्टाटच्या हॉटेल हेर्मानमध्ये त्याचं काम सुरू झालं. डाइमलर मागून पैसे पुरवत होता.

याच काळात, १८९३ मध्ये त्यानं बारीक नळीतून पेट्रोलचा फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला. पुढं जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या गाड्यांत जे कार्बोरेटर होते, ते याच तत्त्वावर चालले. इकडं कंपनीला मात्र या दोघांशिवाय जड जात होतं. शेवटी १८९५ मध्ये दोघं परत आले आणि मेबॅक तांत्रिक प्रमुख झाला.

आठ हजार सत्तर नळ्या

१८९७ मध्ये त्यानं नळ्यांचा रेडिएटर आणला. पाण्याच्या टाकीतून आरपार बारीक नळ्या काढायच्या. नळ्यांमधून वारा जाईल, बाहेरून पाणी फिरेल. धातूचा जास्तीत जास्त भाग वाऱ्याला लागला की पाणी लवकर गार होतं, हे साधं तत्त्व त्यात होतं.

मग १९०० साल उजाडलं. ६ मार्चला डाइमलर गेला. त्याच महिन्याच्या शेवटी फ्रान्समध्ये नीसजवळच्या घाटातल्या शर्यतीत कंपनीच्या गाडीला अपघात झाला आणि चालक विल्हेल्म बाउअर दगावला. गाडी उंच, आखूड आणि पुढं जड होती. गाड्यांचा श्रीमंत गिऱ्हाईक एमिल येलिनेक यानं कंपनीच्या मागं लकडा लावला की गाडी लांब, बुटकी, हलकी आणि जास्त ताकदीची पाहिजे. गाडीला नाव त्याच्या मुलीचं द्यायचं ठरलं. ती मुलगी म्हणजे मर्सिडीस.

मित्र नुकताच गेलेला आणि मागणी डोंगराएवढी. मेबॅकनं काही महिन्यांत ३५ हॉर्सपॉवरची नवी गाडी उभी केली. एवढ्या ताकदीचं इंजिन गार ठेवायला त्यानं जो रेडिएटर बनवला त्यात ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटरच्या तब्बल ८०७० चौकोनी नळ्या होत्या. शेजारी शेजारी लावून, डाख देऊन जोडलेल्या. समोरून बघितलं तर मधमाश्यांचं पोळं. म्हणून त्याला पोळ्याचा रेडिएटर असंच नाव पडलं. मागं पंखा दिला, म्हणजे गाडी हळू चालली तरी वारा खेचला जाईल.

याचा परिणाम काय झाला? आधी अशा गाडीला १८ लिटर पाणी लागायचं, ते ९ लिटरवर आलं. वजन कमी झालं आणि गाडी दमेपर्यंत पळवता यायला लागली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या मर्सिडीसनं बाकीच्यांची धूळधाण केली. पुढं पन्नासेक वर्षं गाडीचं तोंड म्हणजे रेडिएटर, हे समीकरणच होऊन बसलं.

फ्रेंच लोक मेबॅकला डिझायनरांचा राजा म्हणायला लागले. पण स्वतःच्या कंपनीत त्याची किंमत कमी होत गेली. डाइमलर नव्हता, वरच्यांशी पटत नव्हतं, महत्त्वाचं काम दुसऱ्यांकडं जायला लागलं. १९०७ मध्ये तो कायमचा बाहेर पडला.

मग मेबॅक गाडी कुठून आली?

१९०८ मध्ये काउंट झेपेलिनचं महाकाय हवाई जहाज एश्टरडिंगन इथं जळून खाक झालं. मेबॅकनं त्याला पत्र लिहून चांगलं इंजिन देण्याची तयारी दाखवली. १९०९ मध्ये त्यासाठी कंपनी निघाली आणि तिचा तांत्रिक कारभार मुलगा कार्ल याच्याकडं आला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीला विमानाची इंजिनं बनवायला बंदी घातली. मग कार्लनं मोर्चा मोटारींकडं वळवला. १९२१ मध्ये पहिली मेबॅक गाडी बर्लिनच्या प्रदर्शनात दिसली. दुसरं महायुद्ध भडकेपर्यंत अशा साधारण १८०० गाड्या तयार झाल्या. त्यातली एक आपल्या कोल्हापुरात आहे.

विल्हेल्म मेबॅक २९ डिसेंबर १९२९ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी वारला. कानश्टाटच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. डाइमलरची कबरही तिथंच आहे.

आता आपल्या गाडीकडं येऊ

मेबॅकनं पाणी निम्मं केलं ते वाटा बारीक करून. थोडं पाणी, पण जास्त धातूला चिकटून जाणारं. त्यात एक मेख आहे. वाट बारीक म्हणजे ती तुंबणारही लवकर. आणि हजारो जोड म्हणजे गळायला हजारो जागा. त्यामुळं आत काय ओतताय, याला भलतंच महत्त्व आलं.

मेबॅकच्या काळात साधं पाणीच वापरलं जायचं. थंडीत ते गोठून इंजिनचा ब्लॉक फुटू नये म्हणून लोक रात्री पाणी काढून टाकायचे, नाहीतर अल्कोहोल, ग्लिसरीन असलं काहीतरी मिसळायचे. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट बाजारात रुळायला लागलं ते १९२० च्या दशकाच्या शेवटी.

आता कोल्हापुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? गॅरेजवर हा प्रश्न हमखास येतो. कारणं तीन.

पहिलं, गंज. लोखंडी ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर, शिसं-कथिलाचा डाख, कुठं अॅल्युमिनिअमचं हेड. इतके वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की ते एकमेकांना खायला लागतात. कूलंटमधली रसायनं हे रोखतात.

दुसरं, क्षार. बोअरचं जड पाणी चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतं, तसाच तो रेडिएटरच्या बारीक वाटांत धरतो. थर बसला की गाडी गावात ठीक चालते आणि गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटात काटा लालवर जातो.

तिसरं, उकळबिंदू. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, उंचीवर त्याहून कमी तापमानाला. निम्मं ग्लायकॉल घातलं की तो आकडा साधारण १०७ अंशांवर जातो आणि रेडिएटरचं झाकण दाब धरणारं असेल तर आणखी वर.

हिरवं की गुलाबी?

इथं बरेच जण फसतात. रंग म्हणजे फक्त रंग. तो कंपनी घालते आणि सगळ्या कंपन्यांचा नियम एक नसतो. बघायचं ते आत कुठलं रसायन आहे ते. ढोबळमानानं दोन घराणी आहेत.

एक, जुन्या पद्धतीचं, म्हणजे आयएटी. यात सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी अकार्बनी रसायनं असतात. ती धातूवर पटकन पातळ संरक्षक थर चढवतात. तांबं, पितळ, डाख आणि लोखंड असलेल्या जुन्या गाडीला हेच सहसा मानवतं. याचं आयुष्य मात्र कमी. साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

दुसरं, लाँग लाइफ म्हणून मिळणारं ओएटी. यात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. अॅल्युमिनिअमचा रेडिएटर असलेल्या आजच्या गाड्यांसाठी ते बनलंय आणि तिथं ते पाच-पाच वर्षं टिकतं. पण जुन्या गाडीतला शिशाचा डाख आणि जुन्या प्रकारची गॅस्केटं, सीलं यांच्याशी काही ओएटी कूलंटचं पटत नाही. दोन्हींचा संकर असलेलं एचओएटी पण मिळतं, ते मधल्या पिढीतल्या गाड्यांना लागतं.

म्हणजे सूत्र असं. महाग कूलंट चांगलं असं नसतं, तुमच्या गाडीतल्या धातूला चालणारं चांगलं. मॅन्युअल असेल तर त्यात लिहिलेलं वापरा. नसेल तर रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे की बदलून अॅल्युमिनिअमचा बसवलाय, हे आधी बघा. उद्यमनगरातला एखादा जुना रेडिएटरवाला मिस्त्री हे एका नजरेत सांगेल.

टाकताना एवढं सांभाळा

दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. संरक्षण कमी होतं आणि काही वेळा गाळ किंवा जेलीसारखा गोळा तयार होतो. आत काय आहे माहीत नसेल तर पूर्ण काढून, धुऊन नवं भरा.

कॉन्सन्ट्रेट घेतलं तर नळाचं नाही, डिस्टिल्ड वॉटर मिसळा. प्रमाण डब्यावर लिहिलेलं पाळा, बहुतेक वेळा ते निम्मं-निम्मं असतं. निव्वळ कूलंट भरलं म्हणजे गाडी जास्त गार राहते हा गैरसमज आहे. उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस, ग्लायकॉल त्याच्यात कमी पडतं.

वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पहिल्यांदा कूलंट टाकलं की कधीकधी गळती दिसायला लागते. गंजाच्या आणि क्षारांच्या थरानं बुजलेली भोकं उघडी पडतात, एवढंच. गळती आधीपासून होतीच. म्हणून आधी रेडिएटर साफ करून, पाइप आणि क्लिपा तपासून घ्या.

खूप जुन्या गाड्यांचं झाकण दाब धरणारं नसतं. तिथं नवीन पद्धतीचं दाबाचं झाकण बसवू नका. जुन्या डाखाला तो दाब सोसत नाही. टाकी काठोकाठही भरू नका. गरम झाल्यावर फुगायला जागा लागते.

इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात हात भाजतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. काढलेलं कूलंट बादलीत उघडं ठेवलं तर कुत्रं-मांजर ते चाटतं, लहान पोरं तोंडाला लावू शकतात. थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जाऊ शकतो. कुणाच्या पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा, जनावर असेल तर व्हेटर्नरी डॉक्टर. गटारात ओतलं तर ते नाल्यातून पंचगंगेत जातं. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि विल्हेवाटीची सोय असलेल्या सर्व्हिस सेंटरला द्या.

विल्हेल्म मेबॅकचं अर्धं आयुष्य इंजिन पळवण्यात गेलं आणि बाकीचं ते तापून बंद पडू नये म्हणून. आजोबांची जीप किंवा वडिलांची पद्मिनी अजून दारात उभी असेल, तर यंदा सर्व्हिसिंगला तेलाबरोबर कूलंटही विचारा. रंग कुठला ते विचारू नका. प्रकार कुठला आणि शेवटचं कधी बदललंय, हे दोन प्रश्न पुरेत.